नखाचा रकाना

शिड्यांच्या त्या कारखान्यातून कुठलीही शिडी फाटकाबाहेर पडायची तर तिला दोन सह्या लागत. एक ताण देणाऱ्या यंत्राची आणि दुसरी काकांच्या नखाची. नोंदवहीत तसा रकानाच होता. वर 'नख' एवढाच शब्द आणि खाली पानामागून पान काकांची सही.

काका बासष्ट वर्षांचे. उजव्या अंगठ्याचं नख ते बाकीच्यांपेक्षा जरा वाढवलेलं ठेवत आणि त्याला फार जपत. त्यांची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "भांडी घासा म्हटलं की म्हणतात, नख मऊ पडेल. तीस वर्षं झाली, एका चमच्याला हात लागलेला नाही. असं नख मला का नाही दिलं कुणी?"

शिड्या विजेच्या खांबांवर चढणाऱ्या माणसांसाठी बनत. दोन्ही उभे दांडे फायबरचे, म्हणजे त्यांतून वीज धावत नाही. पायऱ्या धातूच्या. पायरी बसवायला दांड्याला आरपार भोक पाडून रिबिट मारलं तर त्या भोकातून ओल शिरते आणि ओलीतून वीज, म्हणून पायऱ्यांची टोकं दांड्याच्या खाचेत रेझिनने चिकटवत. रेझिन आणि ते घट्ट करणारा हार्डनर कालवायचा, खाच भरायची, टोक दाबून बसवायचं. जास्तीचं रेझिन बाहेर येऊन सांध्याभोवती ओघळ तयार व्हायचा. मग शिड्या एक अख्खा दिवस तशाच आडव्या पडून राहायच्या. दुसऱ्या दिवशी काका यायचे आणि प्रत्येक ओघळात नख रुतवून बघायचे. खूण उठली तर सांधा कच्चा. नख घसरलं तर पक्का. "रेझिन वाळत नाही, पिकतं," असं ते नव्या माणसाला बजावून सांगत. "वाळायला काय ते धुणं आहे?"

पिकायला लागणारा हा एक दिवस मॅनेजरच्या डोळ्यात सलत असे. या मॅनेजरला सगळे पाठीमागे 'घाईसाहेब' म्हणत आणि त्याला ते ठाऊक होतं. बाजारात दुसऱ्या कुणाच्या शिड्या आठ तासांत तयार होतात म्हणे, असं तो दर सोमवारी ऐकवायचा. शेवटी हे काम त्याने प्रयोगशाळेतल्या केमिस्टबाईंकडे सोपवलं. केमिस्टबाई म्हणजे काकांची मुलगी.

ती याच कारखान्यात नोकरीला लागली तेव्हा काकांनी पेढे वाटल्यासारखं तोंड करून सगळ्या खात्यांतून एक फेरी मारली होती. कारखान्यात ते तिला 'मॅडम' म्हणत आणि ती त्यांना 'काका'. घरी आलं की पुन्हा 'बाबा' आणि 'पोरी'. दीड वर्ष ती त्या एका कामाला चिकटून होती. तीन हार्डनर वाया गेले. चौथा सापडला तो गरम हवेत भराभर पिकायचा. मग एका भिंतीला लागून लांबलचक भट्टी आली. एका दिवसाचे आठ तास झाले, आठाचे दोन झाले, आणि एके दिवशी ती जेवताना हातातला घास तसाच धरून म्हणाली, "बाबा, चाळीस मिनिटं."

"चाळीस? तेवढ्यात तर माझी आंघोळ होत नाही."

"नख लावा आणि बघा."

काकांनी प्रयोगशाळेतल्या सांध्यांना नख लावून पाहिलं. घसरलं. त्या रात्री त्यांना नीट झोप लागली नाही, आणि आनंदानेही झोप उडते हे त्यांना त्या वयात कळलं.

भट्टी सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता तोच वादळ आलं. ऐन थंडीतलं, बर्फाळ वाऱ्याचं वादळ. शेकडो खांब आडवे झाले, गावंच्या गावं अंधारात बुडाली. वीजखात्याकडून फोनावर फोन. घाईसाहेबांना तर स्वर्ग दोन बोटं उरला. "बारा शिड्या आजच्या आज दुपारी निघाल्या पाहिजेत. मॅडम, आता तुमचीच परीक्षा."

आतल्या पायऱ्यांचा साठा संपलेला होता. मागच्या आवारात, वर नुसते पत्रे आणि चारी बाजूंनी उघड्या असलेल्या शेडमध्ये पायऱ्यांचे गठ्ठे पडले होते. ते सकाळी सातला आत आणले. धातूवर दंव पांढरं धरलेलं. कामगारांनी ते फडक्यांनी पुसून काढलं, बोटं फुंकत रेझिन भरलं, आणि बाराच्या बारा शिड्या भट्टीत गेल्या.

पूर्वी असं कितीदा झालं होतं. पण पूर्वी शिड्या दिवसभर आत पडून असायच्या, धातू आपोआप खोलीच्या उबेला यायचा. धातूचा गारठा हा विचार करण्याचा विषयच नव्हता, म्हणून तो कुणी केला नाही. प्रयोगशाळेतल्या पायऱ्या रात्रभर प्रयोगशाळेच्या कपाटात निजलेल्या असायच्या, तेव्हा तिनेही केला नाही.

चाळीस मिनिटांनी भट्टीचं दार उघडलं. केमिस्टबाई हातातल्या घड्याळाकडे बघत उभी. सगळं खातं जमलं होतं. काका पुढे झाले आणि पहिल्या ओघळावर त्यांनी नख टेकवलं. घसरलं. दुसरा ओघळ, तिसरा, चौथा. सगळीकडे नख काचेवरून जावं तसं जात होतं. कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

पाचव्या सांध्यापाशी ते जरा जास्त वाकले आणि त्यांना वास आला.

शिळ्या मासळीसारखा, नाकाच्या मुळाशी झोंबणारा. हा वास हार्डनरचा. डबा उघडला की येतो. पिकलेल्या सांध्याला कसलाच वास नसतो. काकांनी सहावा सांधा हुंगला, सातवा हुंगला. बाहेरचा ओघळ गरम हवेने पिकला होता. पण आत खाचेत, त्या गार धातूला बिलगून बसलेल्या रेझिनपर्यंत ऊब पोचलीच नव्हती, आणि फटीफटीतून ते आपला कच्चेपणा सांगत होतं. अर्थात इतकं सगळं काकांना तेव्हा स्पष्ट समजलं असं नाही. नाकाला मात्र समजलं होतं.

त्यांनी मान वर केली. मुलगी हसत होती. लहानपणी शाळेत निबंधाला बक्षीस मिळालं तेव्हा तोंडावर हात ठेवून हसली होती तशी.

"काय काका? वाकल्यावर उठता येईना का?" घाईसाहेब म्हणाले आणि सगळे हसले.

भट्टीच्या आत हार्डनरच्या वाफा कोंडल्या असतील, त्यांचाच वास असेल, असं काकांनी मनाला सांगितलं. मन काही नाही म्हणालं नाही. नोंदवहीत नखाचा रकाना होता, नाकाचा नव्हता. त्यांनी बारा सह्या केल्या. यंत्राने नेहमीचा सरळ ताण दिला, तो बाहेरच्या पिकलेल्या ओघळांनी पेलला, आणि दुसरी सहीही मिळाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या बारांतल्या एका शिडीवरून एक लाइनमन पडला आणि जागच्या जागी गेला. वरून तिसरी पायरी एका बाजूने दांड्यातून निसटली होती. पदरात दोन मुली होत्या, असं कुणी म्हणालं. कुणी म्हणालं, तीन.

चौकशी बसायला तीन आठवडे लागले. उरलेल्या अकरा शिड्या परत मागवून यंत्रावर चढवल्या. एकही सांधा हलला नाही. दिलेल्या आकड्याच्या दुप्पट ताण दिला तेव्हा दांडा फाटला, पण सांधा सुटला नाही. तुटलेल्या शिडीचे बाकीचे सांधेही दगडासारखे निघाले. मग शिडीत दोष नाही असं ठरत आलं, आणि दोष जायला एकच जागा उरली: खाली शिडी धरून उभा असलेला, मेलेल्या माणसाचा जोडीदार. त्याने हात सोडले असणार. शिडी फिरली, आडवा झटका बसला, म्हणून पायरी निघाली.

हा जोडीदार एकदा कारखान्याच्या फाटकाशी आला. रोड, मोठ्या कानांचा माणूस, काकांच्या धाकट्या भावाच्या वयाचा. त्याने काकांचं नाव नाही, नख विचारलं. "ते नख लावून बघणारे कोण?"

काका बाहेर आले. त्याने दोन्ही तळवे पुढे केले. फायबरचे बारीक काटे कातड्यात शिरून तळवे सुजले होते, मधूनमधून पू धरला होता.

"दांडा माझ्या हातात फिरला, काका. हात सोडले असते तर हे आत शिरलं असतं का? पायरी आधी निघाली. तो ओरडला आणि मग शिडी फिरली. मी डॉक्टरला म्हटलं, काढू नका, आमच्या खात्यातल्या साहेबांना दाखवायचेत. साहेब म्हणाले, असे काटे तुम्हा सगळ्यांच्याच हातात असतात."

"असतात," काका म्हणाले.

"त्याची बायको माझ्याशी बोलत नाही. वीस वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो. आता खात्यातून काढतील, वर खटला. तुम्ही नख लावलं होतंत ना? लागलं होतं का नीट?"

"नीट लागलं होतं," काका म्हणाले. आणि ते खरंच होतं.

त्यानंतर त्यांना अन्न गोड लागेना. अकरा शिड्या घट्ट का निघाल्या ते त्यांना पुरतं कळलं होतं. रेझिन कच्चं राहिलं तरी मरत नाही. नुसतं पडून राहिलं तर हळूहळू, दोनचार दिवसांत, स्वतःचं स्वतः पिकतं. यंत्राने ज्या शिड्या ताणल्या त्या तीन आठवड्यांच्या जुन्या होत्या. लाइनमन चढला ती एक दिवसाची होती, आणि तो दिवस तिने बर्फाळ वाऱ्यात ट्रकवर काढला होता. पुरावा रोज थोडाथोडा पिकत गेला आणि चौकशी त्याच्या पिकण्याची वाट बघत बसली.

शेवटच्या सुनावणीच्या आदल्या दिवशी काका सकाळी सगळ्यांच्या आधी कारखान्यात गेले. शेडमधली एक पायरी घेतली, दंवासकट. दांड्याचा हातभर तुकडा घेतला. सांधा भरला, भट्टीत ठेवला, चाळीस मिनिटं मोजली. ओघळावरून नख घसरलं. मग त्यांनी पायरी पायाखाली दाबली आणि दांडा पिळला. ती सुटून हातात आली. खाचेच्या तळाशी करडं, चिकट, लोण्यासारखं रेझिन. वास असा सुटला की डोळ्यांत पाणी आलं.

त्यांनी खाचेचा भाग करवतीने कापून प्लास्टिकच्या पिशवीत बांधला आणि घरी नेऊन फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात मटारांच्या मागे ठेवला. गारठ्यात रेझिन पिकत नाही, जसंच्या तसं राहतं. ज्या थंडीने घात केला तिच्याकडेच पुरावा राखायला द्यावा लागला.

"हे काय घाण आणून ठेवलंय माझ्या फ्रीजमध्ये?" बायकोने विचारलं.

"कारखान्यातलं आहे. हात लावू नकोस."

"आता नखाचा भाऊ आणला वाटतं," असं पुटपुटत तिने दार आपटलं.

संध्याकाळी मुलगी आली तेव्हा त्यांनी तिला सगळं सांगितलं. वास, सह्या, सकाळचा प्रयोग. ती पायातले बूट न काढता ऐकत राहिली.

"किती शिड्यांना होता वास?"

"बाराच्या बारा."

"त्या आता पिकल्या असतील सगळ्या. म्हणजे त्यांना आता धोका नाही."

"त्या अकरांना नाही."

ती बराच वेळ बुटांच्या नाड्यांशी खेळत राहिली. "बाबा, तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तू हसत होतीस."

तिने असं पाहिलं की काकांना वाटलं, यापेक्षा तिने मारलं असतं तर बरं. पण ती एवढंच म्हणाली, "उद्या तुम्हाला जे सांगायचं ते सांगा. मी अडवणार नाही." आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं.

सकाळी निघताना काकांनी फ्रीज उघडला, पिशवीकडे पाहिलं आणि फ्रीज बंद केला. बसमध्ये वितळेल, असं ते स्वतःशी म्हणाले. बस वीस मिनिटांची होती.

सुनावणीची खोली लहान होती. लांब टेबल, पाण्याचा जग, खिडकीशी खडखडणारा हीटर. चौकशी अधिकारी बाई वयस्क होत्या, चष्मा नाकाच्या टोकावर ओढून प्रत्येकाचं पूर्ण ऐकून घेत. एका बाजूला जोडीदार बसला होता. हाताला पट्ट्या होत्या, म्हणजे काटे शेवटी काढले होते. दुसऱ्या बाजूला घाईसाहेब आणि केमिस्टबाई.

"तुम्हाला काही सांगायचंय म्हणे," बाई काकांना म्हणाल्या.

काका उभे राहिले. वाक्य पाठ करून आले होते: धातू गार असला तर चाळीस मिनिटं पुरत नाहीत. एवढंच वाक्य. त्यांनी मुलीकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, समोरच्या जगाकडे बघत होती, आणि तिने एक हात तोंडावर ठेवला होता. हसताना ठेवायची तसाच. दीड वर्ष, तीन वाया गेलेले हार्डनर, आणि आता एक मेलेला माणूस, सगळं तिच्या नावावर जाणार होतं. पट्ट्या बांधलेला माणूस काकांकडे टक लावून होता.

"शिड्या मी भट्टीतून लवकर काढल्या," काका म्हणाले. "ट्रक उभा होता. पंचवीस मिनिटांत काढल्या आणि वहीत चाळीस लिहिली. सांधे आत कच्चे होते. मला वास आला होता, तरी सही केली. त्या माणसाने शिडी सोडली नाही."

त्या दिवशी भट्टीपाशी सगळं खातं उभं होतं, केमिस्टबाईंच्या हातात घड्याळ होतं, हे सांगायला कुणीही पुढे आलं नाही. घाईसाहेबांनी हळूच श्वास सोडला. खोट्याची सोय इतक्या जणांना होती की ते क्षणात खरं झालं.

"तुम्हाला कळतंय ना, आपण काय कबूल करताय?" बाईंनी विचारलं.

"कळतंय."

बाहेर जिन्यात जोडीदाराने त्यांना गाठलं. पट्ट्यांसकट त्यांचे हात धरले आणि रडायला लागला. शिव्या देईल असं काकांना वाटलं होतं. "सांगितलंत," तो म्हणत राहिला, "निदान सांगितलंत." काकांना ते हात सोडवून घेणं फार जड गेलं.

काकांना त्याच दिवशी घरी बसवलं. खटला भरायचा की नाही ते वर ठरणार होतं. नोंदवहीतला नखाचा रकाना खोडला गेला. माणसाच्या नखावर विसंबणं ही जुनी, धोक्याची पद्धत होती, असं घाईसाहेबांनी कळवलं. बायको पहिले चार दिवस बोलली नाही आणि पाचव्या दिवशी भांडी त्यांच्यापुढे आणून ठेवली. काकांनी ती निमूटपणे घासली.

त्यानंतरच्या रविवारी बायको बहिणीकडे गेली होती. बाप आणि लेक स्वयंपाकघरात चहा घेऊन बसले होते. बाहेर थंडी तशीच होती, पण खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि टेबलाचा अर्धा भाग तापला होता.

"धातू आत ठेवता ना आता?" काकांनी विचारलं.

"मी सांगितलं होतं. जागा नाही म्हणाले. आणि का ठेवायचा, असं विचारलं. चौकशीत तर पद्धत निर्दोष निघाली." तिने कप फिरवला. "आता तीस मिनिटं करायला सांगितलंय."

काका उठले. मटारांच्या मागून पिशवी काढली आणि आतला तुकडा एका बशीत ठेवून तिच्यापुढे सरकवला. आधी तो दगडासारखा होता. दहा मिनिटांत त्यावरचं दंव वितळलं, बशीत पाणी साचलं, आणि तो वास हळूहळू खोलीभर झाला. काकांनी खाचेच्या तळाला नख टेकवलं. चंद्रकोरीएवढी खूण उठली.

"अजून कच्चं आहे."

तिनेही अंगठा पुढे केला. तिचं नख आखूड होतं. काकांच्या खुणेशेजारी दुसरी, लहान खूण उठली.

"हे दाखवलं," ती सावकाश म्हणाली, "की तुम्ही तिथे खोटं बोललात हेही सांगावं लागेल. मी गप्प बसले हेही. त्या जोडीदाराची चौकशीसुद्धा पुन्हा उघडतील."

"हो."

"घाईसाहेबांचं घर दोन गल्ल्या सोडून आहे."

"आता गेलीस तर दिसेल त्यांना. इथे उन्हात दुपारपर्यंत पिकेल. नाहीतर परत आत ठेवतो."

ती जायला उठली नाही आणि आत ठेवा असंही म्हणाली नाही. काकांनी बशीकडे हात नेला आणि मागे घेतला. चहा गार झाला. नळ ठिबकत होता, तो घट्ट करायला ती एकदा उठली आणि परत येऊन बसली. ऊन बशीवरून पुढे सरकलं. वास आधी कमी झाला, मग शोधावा लागला, मग राहिलाच नाही.

तीन वाजता बायको परत आली. टेबलावरची बशी बघून म्हणाली, "निघाली एकदाची घाण बाहेर. टाकू का?"

काकांनी तुकडा जवळ ओढला आणि तळावर नख रुतवून बघितलं. ते घसरलं. दोन जुन्या खुणा, एक मोठी आणि एक लहान, तेवढ्या आत पक्क्या झाल्या होत्या.

"टाक," मुलगी म्हणाली.